घरांतले बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं येईल. उंदीर, ढेंकूण, झुरळें, डांस हा काय भाषणाचा विषय? देशापुढें एवढे मोठाले प्रश्न पडले असतां एका पेन्शनर मास्तरानें आकाशवाणीवर येऊन ढेंकणांची कथा सांगावी, हें चमत्कारिकच दिसतें. माझें शिक्षणही जुन्या मॅट्रिकपुरतेंच. तेव्हां शास्त्रज्ञ म्हणून मी बोलतों आहें असें कोणीं समजूं नये. परंतु ज्या बीड जिल्ह्यांत मी जन्मलों आणि ज्याच्या खेड्यापाड्यांतील शाळांत माझी सारी नोकरी झाली, त्या जिल्ह्याचें नांव एकदां साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत झळकलें, तें उंदीर आणि पिसवा यांच्यामुळें. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाहीं.

ती हकीकत अशी. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. आमच्याकडे हानि त्या मानानें थोडी, पण धास्ती तितकीच. आमचीं जुनीं घरें म्हणजे माळवदें. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया, आणि त्यांवर मातीचा हातभर थर. अशा छताखालीं निजण्याचें भय वाटूं लागलें आणि पुष्कळ कुटुंबें पालांत किंवा पत्र्याच्या खोपटांत राहूं लागलीं. माणूस बाहेर आला, धान्य मात्र आंत राहिलें. उंदरांना याहून अधिक काय हवें होतें? पुढें अभ्यासकांनीं जें कारण सांगितलें तें हेंच कीं, ओस घरांत सांठलेल्या दाण्यावर उंदीर बेसुमार वाढले. १९९४ च्या ऑगस्टांत आमच्या जिल्ह्यांतील मामला या गांवीं पिसवांचा उपद्रव सुरू झाला, उंदीर मरून पडूं लागले, आणि लवकरच माणसांना ताप येऊन जांघेंत, काखेंत गाठी दिसूं लागल्या. तो गाठीचा प्लेग होता. १९६६ नंतर हा रोग देशांतून गेला असेंच सर्वजण धरून चालले होते. त्याच सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाचा प्लेग उद्भवला, पन्नासांवर माणसें दगावलीं आणि लाखों लोक शहर सोडून पळाले.

त्या वेळीं मी जिल्ह्यांतीलच एका दुसऱ्या गांवच्या शाळेवर होतों. माझ्या हातून तेव्हां जो मूर्खपणा घडला तो आज सांगून टाकतों. वर्तमानपत्र वाचून मला स्फुरण चढलें. मीं वर्गांत फर्मान काढलें कीं, जो विद्यार्थी पांच उंदीर मारून आणील त्यास एक वही बक्षीस. दुसऱ्या दिवशीं शाळेच्या ओट्यावर एका बादलींत अकरा उंदीर! पोरें शेपट्या धरून मोजीत होतीं आणि मी शाबासकी देत होतों. इतक्यांत आरोग्य खात्याचा एक तरुण कर्मचारी तेथें आला. बादली पाहून त्याचा चेहरा उतरला. त्यानें प्रथम पोरांना दूर पिटाळलें, साबणानें हात धुवावयास लावले, आणि मग मला एका बाजूस नेऊन म्हणाला, “गुरुजी, आपण शिकलेले. उंदीर मेला म्हणजे त्याचें अंग गार पडतें. मग त्याच्या अंगावरची पिसू जाणार कोठें? जवळ जें ऊन अंग असेल तिकडे. आपण तर पोरांच्याच हातांत दिलेत.”

सुदैवानें आमच्या गांवांत रोग नव्हता. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. नियम असा आहे कीं, रोगाची शंका असेल तेथें आधीं पिसवा माराव्या, मग उंदीर. बिळांत व वाटांवर आधीं औषधाची भुकटी पडली पाहिजे आणि नंतर सांपळा. आपोआप मेलेला उंदीर उघड्या हातानें कधींही उचलूं नये. लांब दांड्यानें वा चिमट्यानें उचलून खोल पुरावा, आणि एकाएकीं अनेक उंदीर मरूं लागले तर सरळ आरोग्य केंद्रास कळवावें. माणसानें ही गोष्ट शिकण्यासाठीं फार किंमत दिली आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां घरें धुतलीं, सामान जाळलें, माणसें उठवून नेलीं. पण पिसूकडे कोणाचें लक्ष नव्हतें. पुण्यांत रुग्णांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चांत गेल्या. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनें कराचींत पिसूचा संबंध दाखविला तो त्यानंतर, १८९८ सालीं.

आतां घराकडे वळूं. उंदीर आपल्याशीं वैर धरून येत नाहीं. त्यास दाणा आणि आसरा हवा असतो, आणि दोन्ही आपणच पुरवितों. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, तेव्हां कुरतडणें ही त्याची खोडी नव्हे, गरज आहे. मादीचे दिवस तीन आठवड्यांत भरतात आणि पिलें दोन-तीन महिन्यांत स्वतः विऊं लागतात. या हिशेबापुढें आपला सांपळा काय करणार? म्हणून मारण्यापेक्षां कोंडमारा करणें हा खरा उपाय. लहान उंदीर आपल्या करंगळीहूनही अरुंद फटींतून आंत शिरतो. पावसाळ्यापूर्वीं एक दिवस काढून, दिवा हातांत घेऊन, भिंतींचा पायथा, उंबऱ्याची खालची बाजू, मोरीचें तोंड, तुळईची टोकें, सारें पाहावें. नुसत्या चिखलानें बुजविलेलें बीळ तो रात्रींत उकरतो. आंत कांचेचे तुकडे व खडी ठांसून वरून सिमेंट लावावें. जुन्या वाड्यांत धान्यासाठीं भिंतीलगत बळद असतें. तें आमच्या वाडवडिलांना भूषण होतें, आज मात्र तें उंदरांची धर्मशाळा झालेलें दिसतें. त्यापेक्षां पत्र्याची कोठी बरी. ती भिंतीपासून वीतभर दूर आणि दगडांवर वा फळ्यांवर उंच ठेवावी, म्हणजे खालून झाडतां येतें.

सांपळ्याविषयीं एक अनुभव. उंदीर नव्या वस्तूस बुजतो. म्हणून तीन-चार दिवस सांपळा न लावतां नुसता त्यांत तेल लावलेला भाकरीचा तुकडा ठेवावा. तो खाऊं लागला कीं मग कळ चढवावी. मांजर पाळा असाही सल्ला देतात. आमचें मांजर दुधावर इतकें सुखावलें कीं, उंदीर त्याच्या अंगावरून जात. विषाच्या बाबतींत मात्र मी कडक आहें. पिठाच्या गोळींत कालविलेलें विष आणि लाडू यांतील फरक दोन वर्षांच्या मुलास कळत नाहीं.

उंदरामागून साप येतो हें खेड्यांत कोणास सांगावयास नको. मण्यार रात्रीं हिंडते, आणि भुईवर निजलेल्या माणसास तिचा दंश पुष्कळदां जाणवतही नाहीं. तेव्हां बाजेवर निजावें, मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचावी, आणि दंशाची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जातां दवाखाना गांठावा.

धान्याचें शास्त्र आमच्या बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. रब्बीची ज्वारी घरीं आली कीं चैत्र-वैशाखाच्या उन्हांत ती चांगली तापवावी. दाणा दातांखालीं कडकन् फुटला म्हणजे वाळला असें समजावें. दबला तर ओल आहे, आणि ओल तेथें सोंडे. सांवलींत वाळविलेला कडुनिंबाचा पाला थराथरानें घालावा. डाळींना तेलाचा हात फिरविल्यास भुंगेऱ्यांचीं अंडीं धरत नाहींत. अलीकडे मात्र कोठींत औषधी गोळ्या टाकण्याची रीत घरोघर शिरली आहे, आणि तिजबद्दल मला अत्यंत कळकळीनें बोलावयाचें आहे. ती गोळी हवेंतील ओलाव्यानें विरघळते आणि तिजमधून विषारी वायु निघतो. किड्यांस जो मारतो तोच वायु बंद खोलींत निजलेल्या लेंकरांसही मारतो. राहत्या घरांत, निजण्याच्या खोलींत ती गोळी कदापि ठेवूं नये. शेजारच्या खोलींत ठेवली म्हणूनही निश्चिंत राहूं नये.

डांसांविषयीं बोलतांना मला पुन्हा खालीं मान घालावी लागते. आमच्याकडे पाण्याची ओढ कायमची. नळास पाणी दिवसां-दिवसांनीं येतें, उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हां प्रत्येक घरीं रांजण, पिंपें, टाक्या भरून ठेवलेल्या. डेंग्यूचा डांस नेमका याच स्वच्छ, सांठविलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. गटाराच्या घाणीशीं त्याचें कांहीं देणेंघेणें नाहीं, आणि तो चावतो दिवसां. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या नातीस कडक ताप भरला. अंग मोडून आलें, डोळ्यांमागें ठणका, रक्तांतील पेशी भराभर उतरूं लागल्या. सहा दिवस आम्ही दवाखान्यांत बसून काढले. इकडे घरीं तपासणीस आलेल्या आशाताईंनीं माझ्याच न्हाणीजवळचें पिंप उघडलें, त्यावर मीं मोठ्या काळजीनें घातलेलें पोतें बाजूस केलें, आणि दिव्याच्या उजेडांत सूनबाईंना पाण्यांत वळवळणाऱ्या अळ्या दाखविल्या. तीस वर्षें मीं फळ्यावर डांसाचें जीवनचक्र काढलें होतें. अंडें, अळी, कोष, डांस, सात ते दहा दिवस! सारें मुखोद्गत. पोत्याला एक भोंक होतें एवढेंच मला दिसलें नव्हतें.

नात बरी झाली. तेव्हांपासून आमच्या घरीं दर शुक्रवारीं कोरडा दिवस असतो, आणि त्याची मुकादम तीच. पाणी नुसतें ओतून भागत नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. अंडीं पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेस चिकटलेलीं असतात आणि कोरडींच महिनेन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी पडलें कीं फुटतात. म्हणून आंतून काथ्यानें घांसून, पालथें घालून वाळवावें. जी टाकी रिकामी करणें शक्य नाहीं तींत गप्पी मासे सोडावे, किंवा तोंडास बारीक जाळी घट्ट बांधावी.

ढेंकूण बहुधा प्रवासाच्या वळकटींतून घरांत येतो. तो महिनेन् महिने उपाशी राहूं शकतो, म्हणून खोली बंद करून तो मरेल ही आशा व्यर्थ. बाजेच्या सांध्यांत उकळतें पाणी घालावें, पांघरुणें कढत पाण्यांत धुवावीं, आणि हें आठ-दहा दिवसांनीं पुन्हा करावें, कारण अंडीं मागें राहतात. झुरळांसाठीं रात्रीं मोरी कोरडी करून निजणें हें निम्मे औषध आहे. बाकीचें बोरिक पावडर, कणीक व साखर यांच्या गोळ्यांनीं होतें. पण त्या मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्या. वाळवीबद्दल काय सांगूं? माझीं साऱ्या नोकरींतलीं टांचणें तिनें एका पावसाळ्यांत वाचून संपविलीं. भिंतीवर दिसणारी मातीची नळी मोडून रॉकेल ओतलें म्हणजे ती गेली असें वाटतें. परंतु तिचें वारूळ जमिनींत असतें. लाकूड व कागद यांचा मातीशीं संबंध तोडणें, खांब दगडी उथळ्यावर असणें, ओल मारणें, हाच टिकाऊ बंदोबस्त.

शेवटीं आमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखों माणसें ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाल्यावर परततात. पांच-सहा महिने घराला कुलूप. मागें राहिलेच तर म्हातारे. १९९४ सालीं जें भीतीनें घडलें तें येथें दरवर्षीं पोटासाठीं घडतें. माणूस बाहेर, दाणा आंत. माझा एक जुना विद्यार्थी कोयत्यावर जातो. एका वर्षीं तो परत आला तेव्हां वर्षाच्या बेगमीच्या तीन पोत्यांपैकीं दीड पोतें उरलें होतें, आणि त्यांतलेंही अर्धें लेंड्यांनीं खराब. पत्नीच्या लुगड्यांच्या गांठोड्यांत पिलें होतीं, आणि तें गांठोडें उचलतांना तिला विंचू चावला. उचल घेऊन गेलेला माणूस परत येऊन पुन्हा दाण्यासाठीं कर्ज काढतो, यापरतें दुःख नाहीं.

तेव्हांपासून तो जाण्यापूर्वीं धान्य भावाच्या पत्र्याच्या कोठींत ठेवतो, कपड्यांची पेटी टांगून ठेवतो, सरपण भिंतीपासून दूर रचतो. आल्यावर आधीं दारें सताड उघडून, लांब काठीनें अंथरुणें हलवून मगच आंत हात घालतो. गेल्या दसऱ्यास कुलूप लावण्यापूर्वीं तो मला घर दाखवावयास घेऊन गेला. रांजण पालथे होते, मोरीवर दगड होता, उंबरा सिमेंटानें भरलेला. चुलीमागें मात्र एक बीळ राहिलें होतें. तें आम्ही दोघांनीं तेथल्या तेथें खडी घालून बुजविलें, आणि मग त्यानें कुलूप लावलें.