चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहा

श्रोतेहो, मास्ट पेशी, हिस्टामिन, अंगावर उठणारं पित्त हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला बोलायचंय ते प्रयोगशाळेत येणाऱ्या चिठ्ठीबद्दल.

मास्ट पेशी बेसुमार वाढतात तो मास्टोसायटोसिस; त्याच्या उग्र प्रकाराचा रोगी पित्ताचीच तक्रार घेऊन येईल असं नाही. हिमोग्लोबिन दहाच्या खाली, प्लेटलेट उतरलेल्या, पाणथरी वाढलेली, पोटात पाणी, वजन घटलेलं. अंगावर तपकिरी डाग असले तर शंका तरी येते. पण या प्रकारात कातडी पुष्कळदा स्वच्छ असते. मग अस्थिमज्जेचा तुकडा काढतात आणि चिठ्ठीवर लिहितात, ‘ॲनिमिया, कारण शोधा.’ बस्स! अहो, आम्ही शोधायचं तरी काय?

तांदूळ निवडताना काळा खडा लांबूनही दिसतो. पांढरा खडा मात्र पांढऱ्या ताटात हाताखालून निसटतो. त्याला गडद ताट लागतं. मास्ट पेशी हा असा पांढरा खडा. 1878 साली पाउल एर्लिख या तरुण विद्यार्थ्याने ॲनिलिनचे रंग वापरले, म्हणून त्या वेगळ्या दिसल्या. उग्र आजारात तर त्या गोलही राहत नाहीत. टोकांना निमुळत्या होतात, आतले कण कमी होतात, तंतूंमध्ये मिसळून जातात. म्हणजे खडाच तांदळाच्या आकाराचा! तिथे ट्रिप्टेज, सीडी117, सीडी25 यांच्या खास तपासण्या लागतात. त्या प्रत्येक तुकड्यावर होत नसतात. चिठ्ठीवर शंका लिहिलेली असेल, तर होतात.

आणि एक खडा सापडला म्हणून निवडणं थांबवू नका. या आजारासोबत रक्ताचा दुसराच एखादा कर्करोगही असू शकतो. तो आधी सापडतो, सगळे त्याच्यामागे लागतात आणि मास्ट पेशी ताटातच राहतात.

रक्तातलं ट्रिप्टेज आधी करून घ्या. रोगी शांत असताना ते दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर चिठ्ठीवर आकड्यासकट लिहा. नुसत्या आकड्यावर निदान मात्र नको. काही घराण्यांत ट्रिप्टेजच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, म्हणून तो आकडा उपजतच चढा असतो.

एवढा आटापिटा कशाला? बहुतेक प्रौढ रोग्यांत किट जनुकात डी816व्ही हा बदल असतो आणि त्यावर इमॅटिनिब चालत नाही. मिडोस्टॉरिनला अमेरिकेत 2017 मध्ये, अवाप्रिटिनिबला 2021 मध्ये मान्यता मिळाली. औषध आहे, पण नाव कळल्याशिवाय ते द्यायचं कुणाला? या बदलाची तपासणीही मोघम मागू नका. बदललेल्या पेशी रक्तात थोड्या असल्या की साध्या पद्धतीतून निसटतात. अतिसंवेदनशील पीसीआर हवा, असं स्पष्ट लिहा. पुन्हा चिठ्ठीच! कंटाळलात तरी मी हेच सांगणार.

नातेवाईकमंडळी, तुम्हीही डॉक्टरांना विचारा, ‘चिठ्ठीवर मास्ट पेशींचा उल्लेख केलात का?’ रागावणार नाहीत ते. रागावले तर रागावू देत.

भुलीबद्दल बोलायचं राहिलंच. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना या आजाराची शंकाही सांगून ठेवायला हवी, कारण काही औषधांनी या पेशी एकदम… काचेपलीकडून हात दाखवताहेत. नमस्कार.