डाक बंगल्याचा नियम



केंद्र सरकारच्या सेवेत आम्हां उभयतांना अनेक आडगावच्या डाक बंगल्यांत मुक्काम घडला. एकोणिसाव्या शतकात टपालाच्या वाटांवर, साधारणतः एकेका मजलीच्या अंतराने, हे बंगले उभे राहिले. उंच छत, रुंद व्हरांडा, लांब हातांची आरामखुर्ची, आणि पाहुणा येताच कोंबडीमागे धावणारा खानसामा, असा त्यांचा थाट. किप्लिंगची १८८८ सालची एक भूतकथा अशाच बंगल्यात घडते. आम्हांला भुते भेटली नाहीत. डास मात्र मुबलक भेटले.

तेथील एक जुना नियम आम्हांला फार मोलाचा वाटतो. प्रवाशाचा हक्काचा मुक्काम २४ तासांचा. त्यानंतर नवा प्रवासी आला, तर आधीच्याने त्याला जागा करून द्यावयाची.

आपण बदलीची माणसे. या परमुलखात आम्ही आलो तेव्हा ज्यांनी आपल्या दोन खोल्यांतील एक आम्हांला दिली, ते याच मंडळाचे सभासद. त्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची एकच विनंती आहे: मंडळाच्या वास्तूत एक खोली नव्याने येणाऱ्या कुटुंबासाठी राखून ठेवावी. ती लहान असली तरी चालेल. परंतु रात्री सामानसुमान घेऊन दाराशी आलेल्यास ‘जागा नाही’ हे उत्तर येथे ऐकावे लागू नये.