पाण्याची परीक्षा पहाटे


सिंदफणा नदीवरील माजलगाव जलाशय शेतीप्रमाणेच मच्छीमार कुटुंबांचाही आधार आहे. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे मत्स्यपालनाच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावयास हवा.

सांडपाणी व शेतांतून वाहून आलेली खते यांमुळे शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तोच शोषून घेते. म्हणून केवळ दुपारची तपासणी दिशाभूल करू शकते. पाण्याची खरी परीक्षा सूर्योदयापूर्वी होते.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागल्यास ते मरण्याची वाट न पाहता ग्रामपंचायतीने मत्स्यव्यवसाय विभागास त्वरित कळवावे. शिक्षकांनी ही लक्षणे विद्यार्थ्यांना समजावून द्यावीत. याच जलाशयाचे पाणी बीड शहरातील घागरींतही येते, याचे विस्मरण होऊ नये.