खडकाआधी खनिज

नागझिऱ्याच्या नावातच झिरा आहे. झिरा म्हणजे खडकाच्या फटीतून पाझरत येणारं पाणी. नागपुरात सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची. तिथून पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे निघालं की खडकाची जात बदलते, आणि नागझिऱ्याच्या जंगलाखाली शंभर कोटी वर्षांहूनही जुना खडक लागतो. इतका जुना, इतका कठीण, तरी पाणी त्यातून वाट काढतंच. नागझिऱ्यात अणुकचऱ्याचा काही प्रकल्प आहे असं कृपा करून समजू नका. तसं काहीही नाही. पण अणुकचरा म्हटला की ‘खोल खडकात पुरला म्हणजे झालं’ असं सहज बोललं जातं, आणि किरणोत्सारी आयोडीनपुरतं तरी ते खरं नाही, हे हा झिरा दाखवतो. आयोडीनला खडकाच्या आधी खनिज लागतं: त्याला आपल्या घडणीतच अडकवून ठेवणारं, पाण्यात न विरघळणारं खनिज.

अणुभट्टीत आयोडीनचे अनेक प्रकार तयार होतात. त्यातलं आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत हजारातला जेमतेम एक भाग उरतो. त्याच्यासाठी थांबणं हाच उपाय. आयोडीन-१२९ मात्र निम्मं व्हायला सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षं घेतं. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हा हे आयोडीन कुठे कोंडलं असतं तर त्याचा सुमारे अठरा भागांतला एक भाग आजही शिल्लक असता. आणि आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. मिठात आपण ते मुद्दाम घालतो ते त्याचसाठी. साधं आयोडीन कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे तिला ओळखता येत नाही.

तारापूरची अणुवीज १९६९ पासूनची. वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळवायचं, आणि उरलेला जहाल द्रव काचेत मुरवायचा, ही आपल्या देशाने स्वीकारलेली वाट आहे. काच करण्याचा कारखाना तारापूरला १९८५ मध्ये सुरू झाला. सीझियम, स्ट्रॉन्शियम त्या काचेत नीट बसतात. आयोडीन बसत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडीनचे काळसर खडे परीक्षानळीत जरा तापवले की जांभळी वाफ उठते आणि वरच्या थंड काचेवर पुन्हा बारीक चकाकते कण धरतात. मग हजार अंशांच्या आसपासच्या वितळत्या काचेत ते काय टिकणार? त्यातलं बरंचसं तर आधीच, इंधन आम्लात विरघळतानाच, वायूंबरोबर निघून जातं. बरं, मातीचा थर तरी त्याला धरेल म्हणावं, तर तेही नाही. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून धन प्रभाराचं सीझियम तिला चिकटतं. पाण्यातलं आयोडाइड स्वतःच ऋण, ते दूर ढकललं जातं आणि पाण्यासोबत चालू लागतं.

वायूतलं आयोडीन पकडण्याची युक्ती खनिजांनीच दिली आहे. पुणे, नाशिक, जळगावकडच्या दगडखाणींत पाषाणाच्या पोकळ्यांमधून झिओलाइटचे स्फटिक निघतात. त्यातला स्टिल्बाइट तर मधोमध आवळून बांधलेल्या धानाच्या पेंडीसारखा दिसतो. या जातीच्या खनिजात रेणूच्या मापाच्या खोल्या असतात. अशाच, बहुधा कृत्रिमरीत्या केलेल्या झिओलाइटमध्ये चांदी भरली की आयोडीन तिला घट्ट धरतं आणि सिल्व्हर आयोडाइड होतं. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पण झिओलाइटच्या खोल्यांना दारं आहेत, म्हणून पकडणं आणि कायमचं कोंडणं ही कामं वेगळी मानली पाहिजेत. कोंडण्यासाठी सोडालाइट बरा वाटतो: निसर्गात त्याच्या बंद पिंजऱ्यात क्लोरीन बसलेलं असतं, त्या जागी आयोडीन बसवता येतं. आपल्या दातांच्या खनिजाची जी घडण, त्याच अ‍ॅपटाइट घडणीत शिसं आणि व्हॅनेडियम घालूनही आयोडीन बांधता येतं.

एवढा खटाटोप कशाला, समुद्रात सोडा, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. आयोडीन-१२९चा किरणोत्सार मंद आहे, आणि समुद्रातल्या मुबलक साध्या आयोडीनमध्ये ते मिसळून पातळ होतं. फ्रान्समधल्या ला आग आणि ब्रिटनमधल्या सेलाफील्डच्या प्रक्रिया केंद्रांनी ते समुद्रात सोडलं. त्याचा माग आज उत्तर ध्रुवाकडच्या पाण्यापर्यंत काढता येतो. मला नेमकं हेच खटकतं: एकदा सोडलेलं परत गोळा करता येत नाही, आणि इंधनावर प्रक्रिया जितकी वाढेल तितकं सोडणंही वाढेल. खनिज कोट्यवधी वर्षं टिकेल याची कसोटी कोण घेणार, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. निसर्गाने काही अंशी ती घेतली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला सिल्व्हर आयोडाइडचं नैसर्गिक खनिज सापडतं. पण ते सापडतं भूपृष्ठालगतच्या, हवा लागलेल्या थरात, कोरड्या मुलखात. खोल भूजलात प्राणवायू नसतो, लोह असतं. तिथे चांदी पुन्हा धातू होऊ शकते आणि आयोडीन मोकळं सुटतं. म्हणून ज्या खनिजात ते शेवटी ठेवायचं, त्याचे तुकडे अशाच लोहयुक्त, प्राणवायूविरहित, कोमट पाण्यात वर्षानुवर्षं बुडवून ठेवायला हवेत आणि त्या पाण्यात आयोडीन किती उतरतं ते मोजत राहायला हवं.