वार्डो: चाकांवरचं घर

चाकांवरची चिमुकली घरं सध्या अमेरिकेत गाजताहेत. पण अशा घराची खरी मांडणी पाहायची, तर इंग्लंडमधल्या रोमानी लोकांचा वार्डो पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे घोड्यानं ओढायचे लाकडी गाडे चांगलेच रुळले. रेडिंग गावच्या डन्टन घराण्यानं घडवलेले गाडे तर विशेष नावाजलेले.

दार पुढे, घोड्याच्या बाजूला. आत शिरलं की डाव्या हाताला लोखंडी चूल. ती तिथंच का? इंग्लंडमध्ये गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि कडेच्या झाडांच्या फांद्याही त्याच बाजूला झुकलेल्या असतात. आत येणाऱ्याची डावी बाजू म्हणजे गाड्याची उजवी! म्हणून छतातून वर गेलेलं धुराडं फांद्यांना अडकत नाही. केवढा बारीक विचार आहे हा!

मागच्या भिंतीला आडवा पलंग, त्याखाली कपाटवजा जागा. रात्री मुलं तिथं झोपत. बसायचं ते सामानाच्या पेटीवरच. छताचा मधला भाग उचललेला, त्याच्या कडांना खिडक्या. उजेड आणि हवा तिथून येई.

लहान घराचा आराखडा काढणाऱ्यांनी हा वार्डो एकदा जरूर अभ्यासावा.