चाळीस तास कोणाचे?

मैत्रिणींनो, स्वमग्न मुलाच्या आईला एके काळी सांगितलं जाई, ‘तुझ्या थंडपणामुळे मूल असं झालं.’ १९६७ साली ब्रुनो बेटलहाइमने पुस्तकातही हाच दोष दिला. तो खोटा ठरला.

मग १९८७ साली अमेरिकेत लोवास यांचा अभ्यास आला. आठवड्याला ४० तास वर्तनोपचार, शिवाय घरी आईबापांनीही तेच करायचं. १९ पैकी ९ मुलं ‘सर्वसामान्य’ झाली म्हणे. ‘आईबाप’ म्हणजे घरोघरी कोण, हे आपण जाणतोच. आता तास कमी पडले तर दोष पुन्हा तिचाच!

म्हणून पुरावा पाहू. कोणतं मूल कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. मुलांना अधूनमधून मांडीवर चापटही मारली जाई. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा उपचारांचे पाचच अभ्यास निकषांत बसले, मुलं २१९. चिठ्ठ्यांनी गट पाडलेला अभ्यास एकच. थोडा फायदा दिसतो, पण पुरावा कच्चा, असा त्याचा निष्कर्ष.

उपचार सोडा, असं मी म्हणत नाही. पण विचारा : पुरावा काय? तास कोण भरणार? मुलाला त्रास होतो का? आणि एवढ्या कच्च्या पुराव्यावर कुठल्याही आईला अपराधी ठरवू देऊ नका.