कागद आपले, कुलूप कुणाचं?

(तासगाव येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या सुरक्षेचा आहे हे कळल्यावर काहीजणी म्हणाल्या, हा शिकलेल्या पोरांचा विषय, आपला नव्हे. मला तो रेशनकार्डाइतकाच आपला वाटतो. 1980च्या दशकात याच सांगली जिल्ह्यात परित्यक्ता स्त्रिया स्वतःच्या नावाच्या रेशनकार्डासाठी लढल्या. सरकारदरबारी आपली नोंद व्हावी, ही ती मागणी होती. आज नोंद ढीगभर आहे. ती कुणाच्या हाती जाते, हे आता विचारायला हवं.

मार्च 2021मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कॉम्प्युटरांना चोरांनी बाहेरून कुलूप ठोकलं आणि ते काढण्यासाठी खंडणी मागितली. नोव्हेंबर 2022मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर तसाच हल्ला झाला. कित्येक दिवस सगळी कामं हाताने लिहून करावी लागली. मोठ्या संस्थांची ही गत, तर पंचायत समितीचं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं काय?

आणि आपल्याला लुबाडायला एवढी हुशारीही लागत नाही. 2024 साली लाडकी बहीण योजनेत शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं प्रकरण बाहेर आलं. इतर बायकांचे आधार नंबर वापरून, फोटो मात्र स्वतःच्या बायकोचे लावून, एकाने 30 अर्ज भरल्याचा आरोप आहे. खारघरच्या एका बाईचा अर्ज भरला जाईना, तेव्हा हे उघडकीला आलं. म्हणजे चोरी झाल्याचं त्या बाईलाच शोधावं लागलं!

हे अर्ज गावोगाव कुणी भरले? अंगणवाडी सेविकांनी. शाळेची ऑनलाइन माहिती कोण भरतं? बहुतेक ठिकाणी शिक्षिकाच. रेंज नाही, मोबाइल धड चालत नाही, वरून आज संध्याकाळपर्यंत माहिती द्या म्हणून तगादा. मग एकच पासवर्ड दहाजणांना ठाऊक होतो, आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, उरलेलं काम झेरॉक्सच्या दुकानात होतं. उद्या काही घडलं की नोटीस मात्र सेविकेलाच. हा न्याय नव्हे.

शाळेचं तर फारच जपायला हवं. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचा मोबाइल, घरचा पत्ता, अशी वर्गाची सबंध यादी मी एका शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पाहिली आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून जी बाई मुलांना घेऊन दुसऱ्या गावी राहते, तिचा पत्ता अशा यादीतून त्याला मिळाला तर? पैसे गेले तर निदान तक्रार करता येते. कळलेला पत्ता परत लपवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2018 साली शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असंही सांगितलं. 2023 साली माहिती-संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात सरकारने स्वतःसाठी बऱ्याच सवलती ठेवल्या आहेत. म्हणून आपल्यालाच रेटा लावावा लागेल.

आपल्या मागण्या साध्या आहेत. कामापुरतीच माहिती मागा. सेविकेला आणि शिक्षिकेला चांगला मोबाइल, स्वतंत्र पासवर्ड, प्रशिक्षण आणि पुरेसा वेळ द्या. आमची माहिती फुटली तर आधी आम्हाला कळवा. शाळेच्या याद्या गटावर टाकू नका.

आपणही काही सवयी लावून घेऊ. झेरॉक्सवर तारीख आणि काम लिहायचं. शक्य तिथे आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत द्यायची. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी ओळखीच्यालासुद्धा. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करायचा.

पुढच्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत एकच प्रश्न विचारा: आमचे कागद कुठे ठेवलेत, आणि ते कोण कोण पाहतं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.